पेशींना कारण विचारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

वरसावे नाक्यावरून मुंबईकडे जाणारा महामार्ग आमच्या मुलामुलींच्या रोजच्या पाहण्यातला आहे. वसईच्या खाडीवरील पूल ओलांडून येणाऱ्या वाहनांच्या गर्दीत रुग्णवाहिकाही असतात, आणि त्यांतील काहींची वाट परळला जाऊन थांबते. अमक्याच्या घरी कोणाला तरी टाटाला नेले आहे, एवढे कानावर आले की वस्तीत पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. दुखणे बाईचे असेल, आणि तेही स्तनाचे किंवा ओटीपोटातले असेल, तर घरच्या घरीसुद्धा दबक्या आवाजात बोलले जाते. मग नशीब, कोणाची नजर, मागच्या जन्मीचे पाप अशी कारणे पुढे येतात. ज्या आजाराचे खरे कारण ठाऊक नसते, त्याला खोटी कारणे लगेच चिकटतात.

परळच्या त्याच आवारात एका मराठी स्त्रीने या आजाराचे खरे कारण शोधण्यात आयुष्य वेचले. त्या डॉक्टरी पेशातल्या नव्हत्या. त्यांचे काम सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी आणि पिंजऱ्यातले उंदीर यांच्याशी होते. या स्मरणिकेसाठी एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा आम्ही डॉ. कमल रणदिवे यांची निवड केली ती याच कारणासाठी.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. आपल्या सर्व मुलांनी उत्तम शिकावे असा वडिलांचा कटाक्ष होता, आणि कमल त्यांत विशेष हुशार. तिचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. ज्या पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि त्यासाठी शेणामातीचा मारा सोसला, त्याच पुण्यात सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी एक मुलगी निर्वेधपणे विज्ञान शिकू शकली, हे विसरून चालणार नाही. तिच्या वाट्याला आलेली ही संधी त्या काळी फार थोड्या घरांतील मुलींना होती. आमच्या शाळेतील बहुतेक मुलामुलींच्या पणज्यांच्या वाट्याला ती आली नव्हती. कमलताईंचे मोठेपण सांगताना आम्ही हे झाकून ठेवू इच्छित नाही. मिळालेल्या संधीचे त्यांनी पुढे काय केले, यावरच त्यांची पारख व्हावी.

मुलीने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत. कमलताईंनी फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळवली आणि पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. फळझाडांच्या पेशींतून माणसाच्या कर्करोगाकडे जाणारी वाट लांबची वाटेल; पण पेशी दुभंगते कशी आणि आपले गुण पुढच्या पेशीला देते कशी, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे. दरम्यान १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. संसार, मुलगा आणि अभ्यास असे तिन्ही सांभाळताना पतीची मनापासून साथ होती. बायकोच्या शिक्षणाला केवळ परवानगी देणारा नवरा आणि त्या शिक्षणात स्वतः मदत करणारा नवरा यांत अंतर असते. रणदिवे हे दुसऱ्या प्रकारचे होते.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्यांच्या स्मृतीतून या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. तेथील विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती होती. भारतात विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. रोग्याला बरे करणाऱ्या रुग्णालयात रोगाचे मूळ शोधणारी माणसेही हवीत, असा त्यांचा आग्रह होता. कमलताईंनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्यांनी हाती घेतलेला प्रश्न असा होता. स्तनाचा कर्करोग एकीला होतो आणि दुसरीला होत नाही, हे का? माणसांवर असा शोध सहज घेता येत नाही, म्हणून उंदीर निवडले गेले. सख्ख्या भावंडांच्या जोड्या वीसहून अधिक पिढ्या लावत गेल्यास असा वंश तयार होतो की त्यातले सर्व उंदीर जवळजवळ एकसारखे निपजतात. अशा काही वंशांत माद्यांना स्तनाच्या गाठी हमखास होतात, तर काहींत क्वचितच. आहार एकच, पिंजरा एकच, तरी परिणाम निराळा. मग फरक कशात आहे? कमलताईंनी आधी निरोगी स्तनग्रंथीचा अभ्यास केला. वेगवेगळ्या वंशांच्या उंदरांत ती कशी वाढते, कशी बदलते, याच्या नोंदी ठेवल्या. बिघाड ओळखायचा तर आधी घडी नीट ठाऊक हवी, ही त्यांची रीत.

या प्रश्नाला जगात आधीपासून तीन धागे होते. पहिला संप्रेरकांचा. १८९६ साली ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या वाढलेल्या कर्करोगात रुग्णाची अंडाशये काढली आणि गाठ ओसरलेली पाहिली. म्हणजे अंडाशयातून स्रवणारे काहीतरी दूरच्या गाठीला पोसत होते. दुसरा धागा अनुवंशाचा. तिसरा १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांना सापडला. गाठी होणाऱ्या वंशातली पिल्ले जन्मताच दुसऱ्या वंशाच्या मादीला पाजायला दिली तर त्यांना गाठी कमी होत. दुधातून जाणारा तो घटक पुढे विषाणू असल्याचे ठरले. (हे उंदरांपुरते आहे. आईच्या दुधातून बाळाला स्तनाचा कर्करोग होतो असे कधीही सिद्ध झालेले नाही. मातांनी निःशंक राहावे.) कमलताईंचे योगदान असे की त्यांनी हे तीन धागे वेगळे न ठेवता एकत्र पाहिले. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा मेळ कसा बसतो आणि त्यातून निरोगी पेशी कर्करोगाकडे कशी वळते, याचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या काळी भारतात हा विचार करणारे फार थोडे होते.

पीएच.डी.नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या, म्हणजे टिश्यू कल्चर, ही गे यांची ख्याती. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी अखंड वाढू लागल्या. त्या पेशींवर जगभर असंख्य संशोधने झाली. पण त्या बाईला कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या घरच्यांना पुढे कित्येक वर्षे पत्ताही नव्हता. विज्ञानाच्या इतिहासातले हे पानही आमच्या विद्यार्थ्यांनी वाचले पाहिजे.

परदेशात राहणे शक्य असताना कमलताई मायदेशी परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. भारतातील ती पहिली मानली जाते. हे काम किती नाजूक, ते समजून घेण्यासारखे आहे. शरीरातून काढलेली पेशी शरीराच्या उबेइतक्या तापमानातच जगते. तिला क्षार, साखर, रक्तद्रव यांचे नेमके मिश्रण लागते आणि ते वेळोवेळी बदलावे लागते. एक बुरशीचा कण किंवा एक जंतू आत शिरला की आठवड्यांची मेहनत फुकट जाते. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत हे जमवायचे म्हणजे पहिला धडा स्वच्छतेचा, दुसरा चिकाटीचा. त्यातून तयार झालेले विद्यार्थी पुढे स्वतःच्या पायावर उभे राहिले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुराही कमलताईंनी वाहिली, आणि पेशीजीवशास्त्र, कर्करोगाची कारणमीमांसा, रोगप्रतिकारशास्त्र असे नवे विभाग तेथे रुजवले.

या प्रयोगशाळेने आणखी एका दुर्लक्षित दुखण्याकडे पाहिले. कुष्ठरुग्णांच्या शरीरातून मिळालेले जिवाणू संवर्धित करण्याचे काम डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी केले, आणि पुढे त्याच जिवाणूंपासून कुष्ठरोगावरची लस तयार करण्याचे प्रयत्न झाले. ज्या रोग्याला गावकुसाबाहेर काढले जाई, त्याच्या रोगाला प्रयोगशाळेत मानाची जागा मिळाली, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही. १९८२ साली भारत सरकारने कमलताईंना पद्मभूषण देऊन गौरविले.

आपल्या मागून येणाऱ्या स्त्रियांचा विचार त्यांनी पुरस्कारांहून अधिक केला. प्रयोग रात्रीबेरात्री चालतात आणि घरी मूल वाट पाहत असते, ही अडचण त्यांना अनुभवाने ठाऊक होती. १९७३ साली सहकारी महिला शास्त्रज्ञांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशी येथे या संघटनेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले. हुशार मुलीला संशोधन सोडायला लावणारे कारण बहुधा बुद्धीचे नसते, राहण्याच्या जागेचे आणि मुलाला सांभाळण्याचे असते. वसतिगृहावर उभ्या असलेल्या आमच्या शाळेला हे वेगळे पटवून द्यायला नको.

निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात गुंतल्या. सत्यनिकेतन या संस्थेबरोबर त्यांनी मुलांच्या आहाराची आणि प्रकृतीची माहिती गोळा केली, आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्याची जाण देण्याचे उपक्रम हाती घेतले. पुण्याच्या हुजूरपागेतून निघालेली वाट अकोल्याच्या डोंगरवाड्यांपर्यंत पोचली. संधीचे काय केले, या आमच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. २००१ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र पुढे चालत राहिला. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवून दिले की काही घराण्यांतील स्तनाच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते जनुक हाती आले. त्याला बीआरसीए-१ म्हणतात. त्याचे काम तुटलेला डीएनए नीट सांधणे. त्यात उपजत दोष असेल तर स्तनाबरोबरच अंडाशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. आणि याच दोषाचा उपयोग करून औषध निघाले. सांधणीची एक वाट आधीच बंद असलेल्या कर्कपेशीची दुसरी वाटही औषधाने बंद केली, तर ती पेशी मरते. निरोगी पेशी पहिल्या वाटेने तगून राहतात. ओलापॅरिब या अशा औषधाला अंडाशयाच्या कर्करोगासाठी २०१४ साली मान्यता मिळाली. कारण सापडले म्हणून उपाय सापडला.

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उशिरा उमगतो, कारण त्याच्या खुणा साध्या असतात. पोट सतत फुगणे, थोडे खाताच भरल्यासारखे वाटणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे. या तक्रारी काही आठवडे रोजच्या रोज राहिल्या तर आईने, मावशीने, आजीने लाजू नये, डॉक्टरांना दाखवावे. घरात रक्ताच्या नात्यातील स्त्रियांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर तेही न लपवता सांगावे. अनुवंश हा कलंक नाही, ती डॉक्टरांच्या उपयोगाची माहिती आहे.

कमलताईंची संशोधन संस्था आता खारघरला आहे. आमच्या शाळेपासून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघाले की ती काही फार दूर नाही. आजवर आमच्या परिसरातील माणसे परळच्या वाटेला लागली ती बहुधा केसपेपर हातात घेऊन. आमच्या एखाद्या विद्यार्थिनीने खारघरच्या त्या दारातून संशोधक म्हणून आत जावे, एवढ्यासाठी हे चरित्र आम्ही येथे लिहिले आहे.