फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फरोख बुलसारा, जन्म: ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार, मृत्यू: २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे प्रमुख गायक, पियानोवादक आणि गीतकार-संगीतकार होते. त्यांचे बहुतेक शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले आणि पियानोचे पद्धतशीर शिक्षणही त्यांना तेथेच मिळाले. १९७५ मधील ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याने त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली. त्याआधीची, म्हणजे १९६९ ते १९७३ या काळातील त्यांची ध्वनिमुद्रणे मात्र त्या वेळी कोणाच्या फारशी कानावर पडली नाहीत. जुन्या रॉक तबकड्यांच्या संग्राहकांमध्ये आज याच उपेक्षित ध्वनिमुद्रणांना मोठे मोल आहे.

== कुटुंब आणि बालपण ==

बुलसारा हे पारशी कुटुंब मूळचे गुजरातचे. बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून त्यांना हे आडनाव मिळाले. वडील बोमी बुलसारा हे झांझिबार येथे ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत उच्च न्यायालयात रोखपाल होते. आईचे नाव जेर. धाकटी बहीण काश्मिरा हिचा जन्म १९५२ मध्ये झाला. फरोख यांचा नवजोत संस्कार झांझिबारमध्येच झाला. ते आठ वर्षांचे असताना आईवडिलांनी त्यांना शिक्षणासाठी समुद्रापलीकडे भारतात पाठवले.

== पाचगणी ==

महाबळेश्वराच्या वाटेवर, कृष्णा नदीच्या खोऱ्यावर वसलेले पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण इंग्रजी अमदानीत विकसित झाले. निवासी शाळांचे गाव अशी त्याची ओळख विसाव्या शतकात दृढ झाली. १९०४ मध्ये स्थापन झालेली सेंट पीटर्स ही त्यांतील एक जुनी शाळा. १९५५ मध्ये फरोख या शाळेत दाखल झाले. झांझिबारहून मुंबईपर्यंतचा प्रवास जहाजाचा असल्यामुळे आईवडिलांची भेट क्वचितच होई. सुट्ट्यांमध्ये ते बहुधा मुंबईला नातेवाइकांकडे राहत.

वरच्या जबड्यात चार दात जास्त असल्यामुळे त्यांचे पुढचे दात बाहेर आलेले होते. त्यावरून वर्गातील मुले त्यांना चिडवीत. पुढे पैसा आणि प्रसिद्धी मिळाल्यावरही त्यांनी दातांवर शस्त्रक्रिया करून घेतली नाही. त्यामुळे आवाज बदलेल अशी धास्ती त्यांना होती. ‘फ्रेडी’ हे नाव मात्र शाळासोबत्यांनी प्रेमाने दिलेले, आणि ते घरच्यांनीही स्वीकारले. टेबल टेनिस आणि मुष्टियुद्ध या खेळांत, तसेच शाळेच्या नाटकांत ते भाग घेत. बाराव्या वर्षी त्यांना कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचे पारितोषिक मिळाले.

त्यांची संगीतातील गती मुख्याध्यापकांच्या लक्षात आली. थोडी जादा फी भरल्यास मुलाला पियानोचे स्वतंत्र शिक्षण देता येईल, असे त्यांनी पालकांना कळवले आणि पालकांनी होकार दिला. फ्रेडी यांनी पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. त्या पत्राला घरून नकार आला असता तर पुढचा इतिहास कसा घडला असता, याचा केवळ तर्कच करता येतो.

१९५८ मध्ये पाच विद्यार्थ्यांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे, डेरिक ब्रँच, फरंग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी बुलसारा हे ते पाच जण. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या समारंभांत सादर करीत. विशेष हे, की या बँडचे मुख्य गायक ब्रूस मरे होते. फ्रेडी मागे बसून पियानो वाजवीत. पुढे डेरिक ब्रँच ब्रिटनमध्ये अभिनेते झाले, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात उच्च पदावर पोहोचले, तर फरंग इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालवले. हेक्टिक्सचे गाणे तबकडीवर कधीच उतरले नाही.

== लंडन आणि सायकेडेलिक रॉकचा काळ ==

फ्रेडी झांझिबारला परतल्यानंतर थोड्याच काळात, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथून टाकली गेली आणि हजारो अरब व भारतीय वंशाच्या लोकांचे जीवित धोक्यात आले. बुलसारा कुटुंब मोजके सामान घेऊन इंग्लंडला गेले आणि लंडनजवळील फेल्टम येथे स्थायिक झाले. आयलवर्थ येथे प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करून फ्रेडी यांनी ईलिंग येथील कला महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९६९ मध्ये ग्राफिक कला व आरेखनाची पदविका मिळवली.

ही वर्षे सायकेडेलिक रॉकच्या भराची होती. विद्युत् गिटारचा स्वर ताणून व विकृत करून वापरणे, ध्वनिफीत उलटी फिरवणे, सतारीसारखी पौर्वात्य वाद्ये योजणे आणि स्वप्नवत शब्दकळा ही या संगीताची लक्षणे. नावाजलेल्या मंडळींबरोबरच शेकडो अनाम बँडही या लाटेत उतरले. मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेली सात इंची तबकडी, म्हणजे ‘सिंगल’, काढायची आणि ती खपली नाही तर पांगायचे, असे त्यांतील बहुतेकांचे आयुष्य. छोट्या संख्येने निघालेल्या या तबकड्यांच्या शोधात संग्राहक आजही असतात.

फ्रेडी यांचे आराध्यदैवत होते गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. त्यांच्या कार्यक्रमांना ते शक्य तितक्या वेळा हजर राहत. त्यांची रेखाचित्रे काढून खोलीच्या भिंतींवर लावीत. उपजीविकेसाठी त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम केले. पुढे ढोलवादक रॉजर टेलर यांच्यासह केन्सिंग्टन बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा चालवला.

== अपयशाची वर्षे ==

महाविद्यालयातील सहाध्यायी टिम स्टाफेल यांचा ‘स्माइल’ नावाचा बँड होता. ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे त्यातील अन्य सदस्य. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतील मर्क्युरी कंपनीने स्माइलचे ‘अर्थ’ हे सिंगल काढले. ब्रिटनमध्ये ते विक्रीला आलेच नाही आणि अमेरिकेतही कोणी दखल घेतली नाही. आज ही तबकडी अत्यंत दुर्मीळ समजली जाते. या तबकडीवर फ्रेडी यांचा आवाज नाही. कंपनीच्या नावाचा त्यांच्या पुढील आडनावाशीही संबंध नाही.

त्याच ऑगस्टमध्ये ते लिव्हरपूलच्या ‘आयबेक्स’ या बँडचे गायक झाले. बोल्टन येथील दोन कार्यक्रमांनंतर ९ सप्टेंबर १९६९ रोजी लिव्हरपूलच्या एका क्लबमध्ये त्यांचे गायन ध्वनिफितीवर घेतले गेले. त्यांच्या आवाजाच्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक आहे. आयबेक्सचे नाव बदलून ‘रेकेज’ झाले आणि तो बँड मोडला. पुढचा ‘सावर मिल्क सी’ हा बँड काही आठवडेच टिकला.

१९७० मध्ये स्टाफेल यांनी स्माइल सोडला. त्यांच्या जागी फ्रेडी आले. बँडला ‘क्वीन’ हे नाव त्यांनीच सुचवले. नाव फार भडक आहे ही सहकाऱ्यांची शंका त्यांनी मानली नाही. याच सुमारास त्यांनी बुलसारा हे आडनाव सोडून मर्क्युरी हे नाव घेतले. चारही सदस्यांच्या पाश्चात्त्य राशींची चिन्हे गुंफून त्यांनी बँडचे बोधचिन्ह रेखाटले. त्यात सिंह राशीसाठी दोन सिंह, कर्केसाठी खेकडा, तर स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आहेत. चौथे सदस्य, बास गिटारवादक जॉन डीकन, १९७१ मध्ये आले.

=== लॅरी ल्युरेक्स ===

लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत अन्य कलावंतांचे काम नसेल त्या रिकाम्या वेळात, बहुधा रात्री-अपरात्री, क्वीनला ध्वनिमुद्रणाची मुभा होती. तेथील निर्माते रॉबिन केबल हे अमेरिकी निर्माते फिल स्पेक्टर यांच्या घनदाट वाद्यमेळाच्या पद्धतीचा प्रयोग करीत होते. त्यांनी मर्क्युरी यांना गाण्यासाठी बोलावले. ‘आय कॅन हिअर म्युझिक’ आणि ‘गोइंग बॅक’ ही इतरांनी पूर्वी गायिलेली दोन गाणी त्यांनी गायली. मे आणि टेलर यांनी साथ केली.

हे सिंगल १९७३ च्या उन्हाळ्यात, क्वीनच्या पहिल्या अल्बमच्या थोडे आधी, ईएमआय कंपनीने काढले. त्यावर गायकाचे नाव छापले होते ‘लॅरी ल्युरेक्स’. ल्युरेक्स हा चमकदार धागा. त्या वेळी झगमगीत पोशाखात गाणाऱ्या गॅरी ग्लिटर या लोकप्रिय गायकाच्या नावाची ती थट्टा होती. ती फारशी कोणाला रुचली नाही आणि तबकडी पडून राहिली. मर्क्युरी यांचा मुख्य स्वर असलेली बाजारात आलेली पहिली तबकडी ती हीच, आणि तिच्यावर त्यांचे नाव नाही. ६ जुलै १९७३ रोजी निघालेल्या ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ या क्वीनच्या पहिल्या सिंगललाही विक्रीच्या यादीत स्थान मिळाले नाही.

== क्वीन ==

१९७४ मध्ये ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ हे गाणे ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकावर पोहोचले. ऱ्हाय हा मर्क्युरी यांच्या कल्पनेतील देश. ते गाणे ज्या ‘क्वीन २’ या अल्बममध्ये आहे, त्यातच रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या चित्रावर आधारलेले एक गाणेही आहे. पऱ्या, राजे आणि अद्भुत प्रदेश यांची ही सृष्टी सायकेडेलिक काळाचा वारसा सांगते.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ हे सिंगल प्रकाशित झाले. पियानोवरील संथ गीत, ऑपेराच्या धर्तीचा समूहस्वर आणि कर्कश रॉक असे तुकडे एकत्र जोडलेले हे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गाणे. इतके लांब गाणे रेडिओ वाजवणार नाही, असे कंपनीचे मत होते. प्रत्यक्षात ते सलग नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले. यातील समूहस्वर मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनीच पुनःपुन्हा गाऊन, एकावर एक चढवून तयार केला आहे. रॉबिन केबल यांच्याकडे केलेल्या उपेक्षित कामाशी त्याचे नाते नक्कीच जाणवते.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठीच्या कार्यक्रमात क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती. रंगमंचावरील त्यांच्या सामर्थ्याचा सर्वोत्तम नमुना म्हणून आजही याच वीस मिनिटांचा दाखला दिला जातो. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम त्यांचा क्वीनबरोबरचा शेवटचा ठरला. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह त्यांनी ‘बार्सेलोना’ (१९८८) हा अल्बम केला.

== मूळ ओळखीविषयी मौन ==

मर्क्युरी आपल्या भारतीय वंशाविषयी आणि पाचगणीच्या वर्षांविषयी जाहीरपणे फार कमी बोलले. प्रसिद्धीनंतर त्यांनी भारतात एकही कार्यक्रम केला नाही. वंशद्वेष उघडपणे व्यक्त होणाऱ्या त्या काळच्या ब्रिटनमध्ये हे मौन समजण्याजोगे आहे. पण केवळ लाजेतून ते आले असे मानणेही योग्य नव्हे. खासगी आयुष्याच्या इतर अंगांविषयीही ते तितकेच अबोल होते. आईवडिलांशी त्यांचे नाते अखेरपर्यंत घट्ट राहिले. परिणाम मात्र असा झाला, की महाराष्ट्रात शिकलेला एक मुलगा जगातील आघाडीचा गायक झाला आहे, हे महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांना त्यांच्या मृत्यूनंतरच कळले.

== आजार आणि मृत्यू ==

१९८७ मध्ये त्यांना एड्सचे निदान झाले. त्या वेळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हता आणि रुग्णाकडे, विशेषतः समलिंगी पुरुषांकडे, समाज तिरस्काराने पाहत असे. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्यांच्या घराबाहेर तळ देऊन बसत. तरीही ते शक्ती असेपर्यंत ध्वनिमुद्रण करीत राहिले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी आजाराची जाहीर कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी केन्सिंग्टन येथील ‘गार्डन लॉज’ या निवासस्थानी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. नंतर दहन झाले. अस्थी कोठे ठेवल्या हे त्यांच्या इच्छेनुसार गुप्त आहे. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली येथे झालेल्या स्मृती-कार्यक्रमानंतर एड्सविरोधी कार्यासाठी ‘मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट’ स्थापन करण्यात आला.

== तबकड्यांचे संग्राहक ==

मर्क्युरी यांच्याशी संबंधित तबकड्यांत सर्वाधिक बोलबाला आहे तो ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’च्या निळ्या तबकडीचा. निर्यातीबद्दल राणीचा पुरस्कार मिळाल्याच्या निमित्ताने ईएमआयने १९७८ मध्ये तिच्या फक्त २०० क्रमांकित प्रती काढल्या आणि निमंत्रितांना व कंपनीशी संबंधितांना भेट दिल्या. त्यांना आता काही हजार पौंड किंमत येते. ही दुर्मिळता मात्र मुद्दाम घडवलेली आहे. लॅरी ल्युरेक्सची तबकडी दुर्मीळ झाली ती कोणी घेतली नाही म्हणून, आणि जाणत्या संग्राहकाला ती अधिक प्रिय असते. मागणी वाढल्यावर तिच्या बनावट प्रतीही निघाल्या, त्यामुळे खरेदी करणारे मधल्या लेबलाची छपाई आणि कडेच्या मोकळ्या भागात कोरलेले क्रमांक तपासून घेतात. २००० मध्ये निघालेल्या त्यांच्या एकल गाण्यांच्या संचात लॅरी ल्युरेक्सची दोन्ही गाणी आणि आयबेक्सच्या ध्वनिफितीतील एक गाणे समाविष्ट झाल्याने ती आता सर्वांना ऐकता येतात. क्वीनच्या काही एलपी भारतातही निघाल्या होत्या.

मर्क्युरी स्वतःही हौशी संग्राहक होते. जपानी रंगीत लाकूडठशांची चित्रे, चिनी मातीची भांडी, काचवस्तू यांनी गार्डन लॉज भरलेले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडन येथे या वस्तूंचा लिलाव होऊन सुमारे ४ कोटी पौंड मिळाले. ज्यावर ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ रचले तो यामाहा पियानो सुमारे १७ लाख पौंडांना गेला. बालपणी जमवलेल्या टपाल तिकिटांची वही या लिलावात नव्हती. झांझिबारसह अनेक देशांची तिकिटे काळ्या पानांवर नक्षीदार रचना करून चिकटवलेली ही वही त्यांच्या मृत्यूनंतर ब्रिटनच्या टपाल संग्रहालयाने विकत घेतली असून ती तेथे जतन केलेली आहे.