किडीचा माग काढणारे चार्ल्स रायली

मक्याच्या पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली, पानांना भोकं पडली, की आता आपल्याकडे लगेच अमेरिकन लष्करी अळीचं नाव निघतं. ही कीड २०१८ साली भारतात आली. तिच्या मूळ मुलुखात मात्र दीडशे वर्षांपूर्वीच एका माणसाने तिची ओळख शेतकऱ्यांना करून दिली होती.

चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांचा जन्म १८४३ चा, लंडनचा. सतराव्या वर्षी हा पोरगा अमेरिकेत आला आणि इलिनॉय राज्यात एका शेतावर राबला. चित्रं काढण्याचा हात चांगला होता आणि किड्यांचं वेड होतं. पुढे शिकागोच्या एका शेतीविषयक पत्रात ते किडींबद्दल लिहू लागले. १८६८ साली मिसुरी राज्याने त्यांना सरकारी कीटकशास्त्रज्ञ नेमलं.

तिथे त्यांनी नऊ वार्षिक अहवाल काढले. कीड अंडी कुठे घालते, अळी काय खाते, कोष कुठे लपतो, हे पाहून ते सचित्र लिहीत. नेहमीची लष्करी अळी वेगळी आणि हंगामाच्या शेवटी येणारी वेगळी, हे त्यांनी १८७० च्या सुमारास दाखवून दिलं. आपल्या मक्यावरची ती हीच दुसरी.

कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा खवले किडीने बसू लागल्या, तेव्हा ते केंद्रीय कृषी खात्यात होते. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची, मग तिचा शत्रूही तिथेच असणार, हा त्यांचा हिशेब. त्यांनी तिकडे माणूस धाडला. १८८८-८९ मध्ये आणलेल्या ढालकिड्यांनी वर्ष-दीड वर्षात बागा वाचवल्या. १८९५ साली सायकलवरून पडून रायली वारले, तेव्हा वय अवघं ५१.

आपण काय घ्यावं? कीड ओळखल्याशिवाय पंप खांद्यावर घेऊ नये. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही खूण. उगवणीपासून आठवड्यातून दोनदा शेतात फेरी मारून पानांवरचे केसाळ अंडीपुंज चुरडावेत. पीक निघाल्यावर खोल नांगरट करावी, म्हणजे मातीतले कोष उघडे पडतात आणि पाखरं टिपतात. स्वीट कॉर्नमध्ये तर ही दक्षता जास्तच हवी: पोखरलेलं कणीस व्यापारी घेत नाही, आणि तोडणीच्या तोंडावर मारलेलं औषध खाणाऱ्याच्या पोटात जातं.