ताराबाई मोडक : भावनगर ते कोसबाड

आपल्या मंडळात बालवाडीचा विषय निघाला की गिजुभाई बधेकांचे नाव आधी येते, आणि ते योग्यच आहे. पण गुजरातेत राहणाऱ्या आपण मराठी माणसांनी त्यांच्या शेजारी दुसरे एक नाव घ्यायलाच हवे, ते म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही आणि १९२१ साली घटस्फोट झाला. त्या काळात हा शब्दसुद्धा लोक हळू आवाजात उच्चारत. लहान मुलीची जबाबदारी अंगावर असताना ताराबाई राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची आणि स्थिर नोकरी होती. तरीही १९२३ साली ती सोडून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंबरोबर काम करायला गेल्या. हे धाडस आम्हाला त्यांच्या पुढच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठे वाटते.

गिजुभाई मूळचे वकील. छडीच्या धाकाने मूल शिकत नाही, ते फक्त घाबरते, यावर दोघांचे एकमत होते. माँटेसोरींची पद्धत त्यांनी आपल्या घरांना आणि खिशाला परवडेल अशी करून घेतली. पण एक बालमंदिर चांगले चालून काय उपयोग? इतर शाळांतले शिक्षक एकेकटेच राहणार. म्हणून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. शिक्षकांनी एकत्र यावे, एकमेकांचे अनुभव ऐकावेत, यासाठी परिषदा भरल्या, अध्यापन मंदिरे निघाली. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि नंतर मराठीतही निघू लागली. दोन भाषांतले शिक्षक असे एकाच कामात गुंतले होते, ही गोष्ट बडोदेकरांना नवी वाटू नये!

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. ते उत्तम चालले. पण तिथे येणारी मुले शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांतली होती. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तिथे त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. बालविधवा, शिक्षिका, वयाने अठरा वर्षांनी लहान.

दोघींनी बोर्डीत जे केले ते साधे होते. मुले शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी-गोष्टी. विकतची साधने नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने वापरली. १९५७ साली काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांत गेले. तिथली मोठी मुले गुरे राखायची, त्यांच्यामागून शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिला विकासवाडी नाव दिले. मूल का येत नाही, हे त्याला न रागावता शोधायचे, अशी त्यांची रीत होती.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाड सोडले नाही, पुढे जवळजवळ वीस वर्षे त्यांनी ते काम चालवले.