जगदीशचंद्रांची प्रयोगशाळा

इ. स. १८८५ मध्ये जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. केंब्रिजची पदवी घेऊन आलेला हा तरुण विद्वत्तेत कोणाहून उणा नव्हता. तरी हिंदी म्हणून त्याचे वेतन गोऱ्या प्राध्यापकांच्या दोनतृतीयांश ठरले, आणि नेमणूक तात्पुरती म्हणून त्यातलेही निम्मेच मिळणार होते. जगदीशचंद्र नेमाने शिकवीत राहिले. पण त्या वेतनाला त्यांनी तीन वर्षे हात लावला नाही. घरी वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या निग्रहाची किंमत कळते. अखेर सरकार नमले. थकलेले वेतन पूर्ण दराने मिळाले व कर्ज फेडण्यात खर्ची पडले.

संशोधनासाठी मात्र कॉलेजात ना सोय होती, ना पैसा. १८९४ साली जगदीशचंद्रांनी विद्युत्-लहरींचा अभ्यास आरंभिला, तो एक लहानशी खोली आणि पत्र्याचे काम करणारा एक कारागीर एवढ्या भांडवलावर. हर्ट्झच्या लहरी लांब असत, म्हणून त्यांना उपकरणेही मोठी लागत. जगदीशचंद्रांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि सारी सामग्री एका मेजावर मावू लागली! लहरी टिपण्यासाठी युरोपात धातूचा कीस वापरीत; यांनी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा ओळीने बसविल्या. बंगालच्या दमट हवेत त्या गंजू नयेत म्हणून त्यांवर कोबाल्टचा मुलामा दिला. लहरींची कंपने एकाच दिशेची करणारे साधन हवे होते. त्यासाठी आगगाड्यांच्या वेळापत्रकाचे जाड पुस्तक घेऊन त्याच्या पानापानांत कथिलाचा वर्ख घातला. बंगालात मुबलक मिळणारा तागही कामी आला; त्याच्या पिळाप्रमाणे कंपनांची दिशा डावीउजवीकडे वळते, असे त्यांना आढळले.

१८९५ साली कलकत्त्यात लोकांसमक्ष प्रयोग झाला. तारेवाचून, मधल्या भिंती ओलांडून लहरी गेल्या. पलीकडे घंटा वाजली, बंदुकीची दारू उडाली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील विद्वानांनी हीच उपकरणे कौतुकाने पाहिली.

शोधावर पैसा मिळविणे जगदीशचंद्रांना रुचत नसे. स्नेह्यांच्या आग्रहामुळे गॅलेना या शिशाच्या खनिजापासून केलेल्या ग्राहकाचे पेटंट त्यांनी मागितले. ते १९०४ साली अमेरिकेत मंजूर झाले. पण त्यांनी त्याचा लाभ कधी घेतला नाही. १९३७ साली गिरिडीह येथे ते निवर्तले. तोवर देशोदेशीच्या हौशी मुलांनी गॅलेनाचा खडा आणि थोडी तार यांच्या साहाय्याने घरच्या घरी रेडिओ बनविले होते.