कर्नल साइक्स आणि भीमेचे मासे

काचेच्या पेटीत पोहणारा मासा पाहून आज कोणाला नवल वाटत नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि पुढे कित्येक मुलांनी सागरातील जीव प्रथम तेथेच जवळून पाहिले. परंतु दोनशे वर्षांपूर्वी अशी सोय कोठेही नव्हती. मासा ओळखावयाचा तर अभ्यासकाला नदीकाठीच जावे लागे. नीरा आणि भीमा यांच्या पाण्यावर कळंब, इंदापूर हा मुलूख पोसला आहे. त्या भीमेच्या खोऱ्यातील माशांचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी असाच काठावर बसून केला.

साइक्स यांचा जन्म १७९० साली इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८०४ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. येथे आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा शिकून घेतल्या. १८१७ साली खडकी आणि पुणे येथे पेशव्यांच्या सैन्याविरुद्ध झालेल्या लढायांत ते कंपनीच्या बाजूने लढले. ज्या भूमीवर ते शत्रू म्हणून आले, तिचेच विद्यार्थी होण्याचे पुढे त्यांच्या नशिबी होते.

१८२४ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. लोकसंख्या, शेती, पीकपाणी यांची मोजदाद सरकारला कारभारासाठी हवी होती. साइक्स यांची जिज्ञासा मात्र तेवढ्यावर थांबली नाही. पशू, पक्षी आणि मासे यांच्याही नोंदी ते करू लागले. मासा मेला की त्याचे रंग फिके पडतात, आणि मद्यार्कात ठेवला तर ते पार नाहीसे होतात. म्हणून नदीतून नुकताच काढलेला मासा समोर ठेवून, मोजमाप घेऊन, त्याचे चित्र व वर्णन तयार करण्याची पद्धत त्यांनी अवलंबिली.

१८२९ साली सरकारने त्यांची जागाच रद्द केली. दुसऱ्या कोणी वह्या बांधून ठेवल्या असत्या. परंतु साइक्स यांनी सैन्यातील कामावरून रजा घेऊन हाती घेतलेली पाहणी १८३१ च्या जानेवारीत पुरी केली आणि मगच ते मायदेशी निघाले. तिकडे लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या माशांवरील निबंध मांडला. १८३९ मध्ये त्यातील वर्णने आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन होते आणि त्यांतील बहुतेक जाती शास्त्राला नव्या होत्या.

या निबंधाचा एक विशेष मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावा. नव्या माशांना नावे देताना साइक्स यांनी अनेक ठिकाणी येथल्या लोकांच्या तोंडची नावेच स्वीकारली. खुद्री, मुल्या, शिंगटी हे नदीकाठचे शब्द थोड्याफार फरकाने त्यांनी शास्त्रात नेले. पुढे शास्त्रज्ञांनी गणांची फेरमांडणी केली, तरी टोर खुद्री, गारा मुल्या, मिस्टस शिंगटी या नावांत ते आजही टिकून आहेत. जाळे टाकणाऱ्या माणसाचे ज्ञान त्यांनी तुच्छ लेखले नाही. मराठी येत असल्यामुळेच त्यांना ते ऐकता आले.

पुढे साइक्स कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटचे सभासदही झाले. त्यांच्या हयातीतच, १८३२ साली, सिसिली बेटावर जान व्हिलप्रो-पॉवर या विदुषीने सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेची पेटी वापरली आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १६ जून १८७२ रोजी साइक्स यांचे निधन झाले.

त्यांच्या पदव्या आणि अधिकार आता फारशा कोणाला आठवत नाहीत. परंतु जगाच्या कोणत्याही टोकाला एखादा अभ्यासक खुद्री हे नाव उच्चारतो, तेव्हा भीमेच्या काठचा एक मराठी शब्दच त्याच्या ओठांवर असतो.