टेलिफोनच्या कारखान्यातून पॅथॉलॉजी लॅबमध्ये

सकाळचे सात वाजले आहेत. पॅथॉलॉजी लॅबच्या बाकावर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसे बसली आहेत. आत टेक्निशियनने मशीन सुरू केले आहे. पण मशीनमध्ये सर्वांत आधी जी नळी जाते, तिच्यातले रक्त यांपैकी कोणाचेही नसते. तिच्यात ‘कंट्रोल’ नावाचा द्रव असतो. त्यात साखर किती, क्रिएटिनिन किती, याचा अंदाज लॅबला आधीच असतो. मशीनने दिलेला आकडा एका आलेखावर टिंबाच्या रूपात उमटतो. टिंब ठरलेल्या मर्यादेत पडले, तरच आपल्या रक्ताची पाळी येते.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा आलेख कधी पाहिलेला नसतो. रिपोर्टवर त्याचा उल्लेखही नसतो. तरी रिपोर्टवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे बऱ्याच अंशी त्या टिंबावर अवलंबून असते. ही कल्पना ज्यांना सुचली, ते डॉक्टर नव्हते. रक्ताशी आणि रुग्णांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. ते टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांचे नाव वॉल्टर अँड्र्यू शूहार्ट.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या न्यू कँटन या छोट्या गावात झाला. इलिनॉय विद्यापीठात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर ते कॅलिफोर्नियात बर्कलीला गेले आणि तेथे १९१७ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वावरणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. एकच वस्तू दहा वेळा मोजली, तर दहाही वेळा अगदी तोच आकडा येत नाही. उपकरण चांगले असो, हात सराईत असो, थोडा फरक पडतोच. बहुतेक जण हा फरक अडचण म्हणून सोडून देतात. शूहार्ट यांनी त्याच्याच अभ्यासात आयुष्य घालवले.

१९१८ मध्ये ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत रुजू झाले. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन यंत्रणेला लागणारी उपकरणे ही कंपनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील अवाढव्य कारखान्यात बनवत असे. त्यातली काही उपकरणे जमिनीखाली पुरली जात. एकदा पुरलेले उपकरण बिघडले, की दुरुस्तीचा खर्च आणि खोळंबा दोन्ही मोठे. त्यामुळे कंपनीला दर्जाची काळजी होती. पण त्या काळात दर्जा राखण्याची पद्धत एकच होती: माल तयार झाल्यावर तपासायचा आणि खराब निघेल तो बाजूला काढायचा.

कारखान्यात आणखी एक सवय होती. एखादा भाग ठरलेल्या मापापेक्षा जरा मोठा आला, की कारागीर लगेच यंत्राचा स्क्रू फिरवून ते ‘जुळवून’ घेई. पुढचा भाग जरा लहान आला, की पुन्हा उलटा फिरवी. हेतू चांगला होता, पण या सततच्या जुळवाजुळवीने मालातला फरक कमी होण्याऐवजी वाढत होता.

असे का व्हावे? रोजच्या चहाचे उदाहरण घ्या. तेच पातेले, तीच पावडर, करणारी व्यक्तीही तीच; तरी चहाची चव रोज अगदी सारखी नसते. पाणी थोडे जास्त उकळते, आले थोडे कमी पडते. अशा अनेक बारीक कारणांचा हा मिळून झालेला परिणाम असतो. त्यातले एकच कारण वेगळे काढता येत नाही आणि काढण्याची गरजही नसते. पण एखाद्या दिवशी चहा फाटतो. तेव्हा मात्र दूध नासल्याचे ओळखता येते आणि ते बदलता येते. पहिला चढउतार पद्धतीतच मुरलेला असतो. दुसऱ्यामागे नेमके, शोधता येण्याजोगे कारण असते. पहिल्याला दुसरा समजून आपण रोज पावडर कमी-जास्त करत बसलो, तर चहा सुधारत नाही, उलट रोज अधिकच बदलतो. आणि दुसऱ्याला पहिला समजलो, तर नासलेल्या दुधाचाच चहा पीत राहतो.

हा फरक ओळखायचा कसा, याचे उत्तर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना पाठवलेल्या टिपणात दिले. टिपण जेमतेम एका पानाचे होते आणि त्यातली सुमारे एक तृतीयांश जागा एका साध्या आकृतीने व्यापली होती. वेळेनुसार मांडलेले आकडे आणि त्यांना घालून दिलेल्या मर्यादेच्या रेषा, एवढीच ती आकृती. पुढे या आलेखाचे परिचित रूप असे ठरले: मधोमध सरासरीची रेषा, तिच्या वर एक आणि खाली एक मर्यादा. टिंबे मर्यादेच्या आत इकडेतिकडे पडत असतील, तर यंत्राला हात लावायचा नाही. टिंब बाहेर गेले, तर काम थांबवून कारण शोधायचे.

मर्यादा कोठे आखायची, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. रेषा फार जवळ आखल्या, तर विनाकारण धोक्याची घंटा वाजत राहते. फार लांब आखल्या, तर खरा बिघाड नजरेतून सुटतो. आकड्यांचा नेहमीचा पसारा मोजण्यासाठी संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ हे माप आहे. शूहार्ट यांनी सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर रेषा आखल्या. यामागे गणित होते, तसा व्यवहारही होता. खोटी घंटा आणि सुटलेला बिघाड, या दोन्हींची किंमत मोजावी लागते. ती एकूण कमीत कमी राहावी, असा हा तोल होता.

१९२५ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीज स्थापन झाली आणि शूहार्ट तेथे गेले. १९५६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच होते. आकडे लिहिलेल्या चकत्या वाडग्यात टाकून त्या पुन्हा पुन्हा काढायच्या, नोंदवायच्या, परत टाकायच्या, असे प्रयोग त्यांनी हजारो वेळा केले. निव्वळ योगायोगाने आकडे किती हलतात, हे त्यांना पाहायचे होते. १९३१ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यांची लिहिण्याची शैली मात्र अवघड होती. त्यांचे विचार सोपे करून पसरवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांचे चाहते असलेले संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांना जाते. शूहार्ट यांच्या व्याख्यानांचे १९३९ मधले पुस्तक डेमिंग यांनीच संपादित केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जपानी उद्योगांपर्यंतही नेले. भारताशीही शूहार्ट यांचा संबंध आला. १९४७-४८ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने ते येथे आले आणि देशभर फिरून येथील उद्योजकांना त्यांनी हे तंत्र समजावले.

वैद्यकीय प्रयोगशाळांना याची गरज नेमकी त्याच सुमारास जाणवू लागली होती. १९४७ मध्ये बेल्क आणि सुंदरमन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांच्या लॅबना त्यांनी तेच नमुने तपासायला पाठवले होते. उत्तरे मात्र इतकी वेगवेगळी आली, की त्यांतली बरीच स्वीकारण्याजोगी नव्हती. नमुना तोच, रुग्ण तोच. पण तो कोणत्या लॅबमध्ये गेला, त्यावर निदान बदलणार, असा याचा अर्थ होता. तीन वर्षांनी, १९५० मध्ये, लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी शूहार्ट यांचा आलेख लॅबमध्ये कसा वापरायचा, हे दाखवून दिले. आज लॅबमधला तो रोजचा आलेख ‘लेव्ही-जेनिंग्ज चार्ट’ याच नावाने ओळखला जातो.

तो चालतो कसा, ते पाहू. रक्तातली साखर मोजताना विशिष्ट एन्झाइम वापरून रंग तयार करतात. साखर जितकी जास्त, तितका रंग गडद. मशीन त्यातून प्रकाश सोडते, किती प्रकाश शोषला गेला ते मोजते आणि त्यावरून साखरेचा आकडा काढते. दिव्याची शक्ती, तापमान, रसायनाचा ताजेपणा, शोषून घेतलेल्या थेंबाचे माप, यांपैकी कशातही फरक पडला, तरी आकडा हलतो. म्हणून लॅब एकाच कंट्रोलची साधारण वीस दिवस रीडिंग घेते. समजा त्यांची सरासरी १०० आली आणि प्रमाण विचलन २. मग ९६ ते १०४ ही इशाऱ्याची मर्यादा आणि ९४ ते १०६ ही काम थांबवण्याची. मशीन अगदी ठीक असतानाही वीसपैकी साधारण एक टिंब इशाऱ्याच्या रेषेबाहेर पडते. थांबवण्याच्या रेषेबाहेर मात्र हजारात तीनच. त्यामुळे १०५ आला, तर सावध व्हायचे आणि १०८ आला, तर रुग्णांचे रिपोर्ट रोखून धरायचे.

टिंबांची चालही बोलकी असते. सलग सात-आठ दिवस टिंबे हळूहळू एकाच दिशेने सरकत असतील, तर रसायन जुने होत असेल किंवा दिवा मंदावत असेल. नवी बाटली उघडल्यावर सगळी टिंबे एकदम वर गेली, तर संशय त्या बाटलीवर. १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्ड यांनी अशा चालींचे नियम एकत्र बांधले. सलग दोन टिंबे एकाच बाजूच्या इशारारेषेबाहेर गेली किंवा सलग दहा टिंबे सरासरीच्या एकाच बाजूला राहिली, तर काहीतरी बिघडले आहे, असे हे नियम सांगतात.

पण हॉथॉर्नच्या कारागिराचा मोह लॅबमध्येही सुटलेला नाही. टिंब जरा हलले, की मशीन नव्याने जुळवायचे, हा एक मोह. दुसरा अधिक धोक्याचा: टिंब बाहेर गेले, की तोच कंट्रोल पुन्हा लावायचा, पुन्हा लावायचा आणि आकडा मर्यादेत आला, की पुढे जायचे. बाहेर लोक ताटकळत असतात, डॉक्टरांचे फोन येत असतात. पण कारण न शोधता मिळवलेले ‘बरोबर’ टिंब कशाचीच हमी देत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल, तर मधुमेहाचा विचार होतो. मशीन त्या दिवशी दहा आकडे जास्त दाखवत असेल, तर ११८ साखर असलेल्या माणसाच्या हाती १२८ चा रिपोर्ट पडतो. उलट बाजूला घसरले असेल, तर ज्याला उपचार हवेत, तो निश्चिंत होऊन घरी जातो. आणि चूक एकाच माणसापुरती राहत नाही. त्या सकाळी बाकावर बसलेल्या सगळ्यांना ती वाटली जाते.

या आलेखाच्या मर्यादाही आहेत. नळीवर दुसऱ्याचे नाव चिकटले, तर टिंबाला ते कळत नाही. साध्या नळीतले रक्त वेगळे न करता तसेच ठेवले, तर रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून त्यासाठी फ्लोराइड असलेली वेगळी नळी वापरतात. रक्त घेताना पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. शिवाय एखादी लॅब रोज सातत्याने चुकत असेल, तर तिचा आलेख छान सरळच दिसेल. म्हणून बाहेरून परीक्षा लागते. अनेक लॅबना सारखाच नमुना पाठवून उत्तरे ताडून पाहायची, हीच ती पेनसिल्व्हेनियातली युक्ती. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजतर्फे अशी योजना चालते. ‘एनएबीएल’ ही संस्था आयएसओ १५१८९ या मानकानुसार लॅबना मान्यता देते. मात्र ती ठरावीक चाचण्यांपुरती असते, हे लक्षात ठेवावे.

वाचकांनी यातून काय घ्यावे? आपल्या लॅबला दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका: कंट्रोल रोज लावता का आणि बाहेरच्या तपासणी योजनेत भाग घेता का? चांगल्या लॅबला या प्रश्नांचा राग येत नाही. दुसरे म्हणजे, महिन्याभराच्या अंतराने साखर १०२ वरून १०५ झाली, म्हणून घाबरू नका आणि १०५ वरून १०२ झाली, म्हणून पेढे वाटू नका. एवढा फरक चहाच्या चवीइतकाच नैसर्गिक असू शकतो. आजाराचा माग ठेवायचा असेल, तर शक्यतो एकाच लॅबमध्ये, सारख्याच परिस्थितीत तपासणी करा. आकडा लक्षणांशी अजिबात जुळत नसेल, तर औषध बदलण्याआधी तपासणी पुन्हा करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

शूहार्ट यांचे निधन ११ मार्च १९६७ रोजी न्यू जर्सीत झाले. पंचाहत्तर वर्षांचे होते. वाढदिवस आठवड्यावर आला होता. टेलिफोनची ती जुनी उपकरणे केव्हाच भंगारात गेली. त्यांचा आलेख मात्र उद्या सकाळी सातलाही, बाकावरच्या पहिल्या माणसाला हाक मारण्याआधी, एक टिंब मांडून घेईल.