नॉरिस विल्यम्स

रिचर्ड नॉरिस विल्यम्स (२९ जानेवारी १८९१ – २ जून १९६८) हे अमेरिकन टेनिसपटू होते. त्यांनी १९१४ आणि १९१६ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय एकेरी स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा आज यूएस ओपन या नावाने ओळखली जाते. टायटॅनिक जहाजाच्या दुर्घटनेतून वाचलेल्या प्रवाशांपैकी ते एक होत.

प्रारंभिक जीवन

विल्यम्स यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे. वडील चार्ल्स डुआन विल्यम्स हे वकील होते व मुलाला टेनिसचे धडे त्यांनीच दिले.

टायटॅनिक दुर्घटना

हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी एप्रिल १९१२ मध्ये विल्यम्स वडिलांसह फ्रान्समधील शेरबुर्ग बंदरातून टायटॅनिकवर चढले. १५ एप्रिलच्या पहाटे जहाज बुडत असताना त्याचे धुरांडे कोसळून वडिलांचा मृत्यू झाला. मुलगा थोडक्यात बचावला. पोहत तो पाण्याने भरलेल्या एका घडीच्या नौकेपर्यंत पोहोचला व मदत येईपर्यंत गुडघाभर बर्फगार पाण्यात उभा राहिला. कार्पेथिया जहाजावर घेतल्यानंतर त्याचे पाय इतके गारठलेले होते की डॉक्टरांनी ते कापण्याचा सल्ला दिला. विल्यम्स यांनी त्यास नकार दिला आणि रक्ताभिसरण पूर्ववत व्हावे म्हणून ठरावीक वेळाने, रात्रीसुद्धा, उठून चालण्याचा क्रम ठेवला. पाय वाचले. त्याच वर्षी मेरी ब्राऊन यांच्या साथीत त्यांनी अमेरिकेची मिश्र दुहेरी स्पर्धा जिंकली.

टेनिस कारकीर्द

चेंडू टप्पा पडून वर येत असतानाच फटकावणे आणि तो रेषेलगत मारणे, ही विल्यम्स यांच्या खेळाची पद्धत होती. हात बसला असेल त्या दिवशी त्यांच्यापुढे टिकणे कठीण होई. नसेल तेव्हा सामान्य खेळाडूही त्यांना हरवीत. सावध खेळ त्यांनी कधी स्वीकारला नाही.

१९१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मॉरिस मॅकलॉक्लिन यांनी त्यांचा पराभव केला. पुढच्याच वर्षी न्यूपोर्ट येथे विल्यम्स यांनी त्यांना सरळ तीन सेटमध्ये हरवून विजेतेपद मिळविले. याच स्पर्धेत त्यांनी कार्ल बेर यांनाही पराभूत केले होते. बेर हेही टायटॅनिकमधून वाचलेले प्रवासी होते, हा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. १९१६ मध्ये फॉरेस्ट हिल्स येथे बिल जॉन्स्टन यांच्याविरुद्ध तिसरा सेट ०-६ असा गमावूनही विल्यम्स यांनी पाच सेटमध्ये विजय मिळविला.

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातर्फे फ्रान्समध्ये लढले. फ्रान्सने त्यांना क्रॉ द गेर व लेजियन ऑफ ऑनर हे सन्मान दिले. युद्धानंतर १९२० मध्ये चार्ल्स गारलंड यांच्यासह त्यांनी विंबल्डनची पुरुष दुहेरी जिंकली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घोटा दुखावलेला असतानाही हेझल वाइटमन यांच्या साथीत त्यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर टेनिस ऑलिंपिकमधून वगळण्यात आले व १९८८ मध्येच पदकांसाठी परतले.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर विल्यम्स फिलाडेल्फिया परिसरात स्थायिक झाले. पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास संस्थेचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले. टायटॅनिकविषयी मात्र ते जाहीरपणे फारसे बोलत नसत. १९५७ मध्ये त्यांचा टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.